पेटी तीच, आतलं बदललं : घरगुती स्टिरिओच्या दुरुस्तीचा इतिहास



आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. घरातला जुना स्टिरिओ बिघडला, खिशात पैसे मोजकेच आहेत, तर तो दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? हा प्रश्न कुणी दुकानात विचारतं, कुणी शेजारच्या खटपट्या माणसाला विचारतं. इतिहासाच्या व्याख्यानात तो सहसा कुणी विचारत नाही. आम्ही तो इथं आणला, कारण महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांनी गेली साठ-सत्तर वर्षं या प्रश्नाला जी उत्तरं दिली, त्यांत सरकारचं आयात धोरण आहे, कोकणातल्या माणसाची आखातातली नोकरी आहे, मुंबईचा पावसाळा आहे, आणि ज्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही असे शेकडो रेडिओ मेकॅनिक आहेत.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे संगीत वाजवणाऱ्या यंत्राचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी लिहिला तर तो चुकतो. तो पेट्यांचा इतिहास आहे. लाकडी पेटी, लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर, एवढं घरात राहिलं आणि आतली वायरींची वस्ती तीन-चार वेळा बदलली. देव्हारा तोच, मूर्ती नवी.

सुरुवात रेडिओपासून करावी लागेल. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, पण सामान्य घरात रेडिओ यायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३चं. तिथून १ एप्रिल १९५५पासून गदिमा आणि बाबूजींचं ‘गीतरामायण’ दर आठवड्याला वर्षभर लागत होतं, आणि ज्या घरात सेट आहे त्या घरात त्या वेळी वाडा गोळा व्हायचा. हे चित्र आपण पुष्कळदा ऐकलेलं आहे. त्यातली एक बाजू मात्र सांगितली जात नाही : तो सेट त्या क्षणी बंद पडून चालणारच नव्हतं. मालकाची लाज, वाड्याचा हिरमोड. म्हणून गल्लीतला रेडिओवाला ही डॉक्टरच्या खालोखाल महत्त्वाची असामी होती.

तेव्हाचा सेट म्हणजे फर्निचर. सागवानी किंवा पॉलिश केलेल्या प्लायवूडचं कपाट, पुढे सोनेरी जाळी, काचेच्या डायलवर कोलंबो, लंडन अशी गावांची नावं, आणि आत चार-पाच व्हॉल्व्ह. वर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे. ती लायसन्सची पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेली असायची. १९५७च्या सुमाराला देशाकडचं परकीय चलन आटलं आणि चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ बंद झाली. रेडिओ चैनीचाच धरला जायचा. मग नवा सेट महाग, परदेशी सेट मिळणं कठीण, आणि जो आहे तो वीस वर्षं चालवणं भाग. आजकाल ‘जुनी माणसं वस्तू जपून वापरायची’ असं कौतुकानं म्हणतात. जपायची हे खरं, पण त्यात संस्कार किती आणि नाइलाज किती याचा हिशेब कुणी करत नाही. आमच्या मते नाइलाजाचा वाटा मोठा.

व्हॉल्व्हचा सेट दुरुस्तीला मात्र सोयीचा. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसायचा, बल्बासारखा काढायचा आणि दुसरा घालायचा. त्याच्या नावातच त्याची कुंडली असे. ‘ईसीएल ८२’ म्हटलं की जाणकाराला कळे : ‘ई’ म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टचं, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘एल’ म्हणजे ताकदीचा पेंटोड, दोन्ही एकाच काचेत. पहिलं अक्षर ‘यू’ असलं तर सावध. त्या सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसायचा. सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंटं एका माळेत जोडून थेट घरच्या विजेवर चालायची, आणि प्लग उलटा बसला की लोखंडी चॅसीसच जिवंत. कारण साधं होतं : ट्रान्सफॉर्मरचं तांबं-लोखंड वाचलं की सेट स्वस्त. म्हणजे काटकसरीची किंमत मेकॅनिकच्या बोटांनी मोजली. लाकडी पाटावर उभं राहून, एक हात खिशात ठेवून तपासायचं, ही शिस्त तिथून आली. आजही कुणाच्या माळ्यावर असा सेट असेल तर मागचं झाकण काढून हौसेनं बोट घालू नका.

मग रेकॉर्ड प्लेअर आला. अमेरिकेत १९४८ला एलपी आली आणि १९५८च्या सुमाराला स्टिरिओ तबकडी. आपल्याकडे मात्र ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या पुढेही बरीच वर्षं निघत होत्या, आणि डमडमच्या कारखान्यातून निघालेली एलपी घेणं म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाची गोष्ट. सूटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर, झाकणातच स्पीकर, हा लोकांना परवडणारा प्रकार होता. त्यात एकच स्पीकर, म्हणजे स्टिरिओ नाहीच. पण गंमत अशी, की ‘स्टिरिओ’ हा शब्द यंत्राच्या आधी पोचला. पुढे मराठीत मोठ्यानं वाजणाऱ्या कुठल्याही सेटला लोक स्टिरिओ म्हणू लागले. दोन कानांना दोन वेगळे आवाज, हा मूळ अर्थ बाजूलाच राहिला.

या प्लेअरचं सगळ्यात नाजूक अंग म्हणजे कार्ट्रिज, ज्यात सुई बसते तो तुकडा. स्वस्त प्लेअरमध्ये त्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. दाबला की वीज निर्माण करतो, म्हणून वेगळा प्री-अँप्लिफायर लागत नाही, म्हणून स्वस्त. पण तो नावाप्रमाणे मीठच. दमट हवेत पाणी ओढतो, उन्हाळ्यात तापला की मरतो. युरोपच्या हवेत जो तुकडा बरीच वर्षं टिकायचा तो गिरगावात दोन-तीन पावसाळ्यांत मुका व्हायचा. पुढे सिरॅमिकचं कार्ट्रिज आलं तेव्हा हा छळ कमी झाला. ‘रेकॉर्ड प्लेअर बिघडला’ म्हणून माळ्यावर गेलेल्या कितीतरी पेट्यांत एवढं एकच मेलेलं होतं; मोटार ठणठणीत होती, अँप्लिफायरही ठणठणीत होता.

ट्रान्झिस्टर अमेरिकेत १९४७ला जन्मला. आपल्याकडे त्याचं बस्तान साठच्या दशकात बसलं, जेव्हा बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनू लागले. इथं पेटीची पहिली अदलाबदल झाली. व्हॉल्व्ह महाग आणि मिळेनासे झाले तेव्हा मेकॅनिक मंडळींनी जुन्या सागवानी रेडिओच्या पोटातून सगळं काढलं आणि तळहाताएवढी ट्रान्झिस्टरची पट्टी बसवली. स्पीकर तोच, पेटी तीच. आवाज पहिल्यासारखा गोल यायचा, कारण गोलाई बरीचशी त्या पेटीची आणि मोठ्या स्पीकरचीच होती. घरच्या आजोबांना मात्र व्हॉल्व्हची केशरी धग दिसेना, म्हणून काहींनी डायलमागे एक छोटा दिवा लावून घेतला.

सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. एसी १८७ आणि एसी १८८ ही त्यांची आउटपुटची जोडी जुन्या मेकॅनिकना तोंडपाठ असते. त्यांचा स्वभाव तापट. तापला की जास्त करंट ओढायचा, जास्त ओढला की आणखी तापायचा, आणि मे महिन्यात दुपारच्या गाण्यांत शेवटचा श्वास घ्यायचा. सिलिकॉन आल्यावर हे थांबलं.

याच काळातली एक देशी युक्ती सांगायलाच हवी. ज्याच्याकडे लाकडी पेटीचे पैसे नाहीत त्यानं सुटा स्पीकर आणला आणि मातीच्या माठाच्या तोंडावर पालथा ठेवला. माठाच्या पोटातली हवा घुमते, खालचे स्वर भरून येतात. ध्वनिशास्त्रात याला हेल्महोल्ट्झचा अनुनाद म्हणतात. आपल्याकडे याला माठाचा स्पीकर म्हणत. तबल्याचा डग्गा त्यात छान लागायचा, बाकीचं सगळं मात्र विहिरीतून आल्यासारखं. तरीही खर्चाच्या मानानं याहून चांगला स्पीकर आम्हाला ठाऊक नाही.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो : मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर. लॅमिंग्टन रोडचं नाव कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण कंडेन्सर घ्यायला जाणारा माणूस ते नाव घेत नाही. (पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सरच.) दिल्लीला लजपतराय मार्केट, मद्रासला रिची स्ट्रीट, तसे हे आपले बाजार. इथं काचेच्या बरण्यांत रेझिस्टर असतात आणि गिऱ्हाईक ‘दहा के, पाव वॅट, दहा नग’ अशी मागणी करतं.

सत्तरच्या दशकात अँप्लिफायरची चिप आली, तिनं सगळं उलटंपालटं केलं. टीबीए ८१० नावाची आयसी, भोवती दहा-बारा सुटे भाग, आणि पाच-सात वॅटचा अँप्लिफायर तयार. नंतर पाच पायांची टीडीए २०३० आली. आधी जे काम चार ट्रान्झिस्टर जुळवून, त्यांचा करंट बेतून करावं लागे, ते आता दहावी पास मुलगा रविवारी सकाळी सोल्डर मारून करू लागला. अभ्रकाची चकती, हीटसिंक, बारा-शून्य-बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, मागे दोन पिना, झालं. इंग्रजी मासिकांतले सर्किटचे नकाशे वहीत उतरवून घेणं हा तेव्हा एक छंदच होता, आणि त्या वह्या हातोहात फिरायच्या.

याच्यातून निघाला ‘असेंबल्ड डेक’. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघर गेला. कॅसेट फिलिप्सनं १९६३ला काढली होती, पण आपल्याकडे तिचा खरा पूर आला तो स्वस्त कॅसेटवाल्या कंपन्या आल्यावर. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं यावर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं आहे. पण त्या कॅसेटी कशावर वाजत होत्या? पुष्कळ घरांत, पानाच्या टपरीवर, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात आणि गणेशमंडळात त्या असेंबल्ड डेकवर वाजत होत्या. पत्र्याची पेटी स्थानिक, ट्रान्सफॉर्मर गल्लीत गुंडाळलेला, कॅसेटची मेकॅनिझम तेवढी बाहेरची, पुढे गाण्याबरोबर नाचणारे लाल-हिरवे दिवे, आणि शेजारी रेक्झिन लावलेले प्लायवूडचे दोन हातभर उंच बॉक्स. कंपनीच्या सेटच्या मानानं पैसे कितीतरी कमी. नाचणारे दिवे हा तद्दन भपका होता, आवाजही काही फार शुद्ध नव्हता. तरी या डेकचं एक मोठेपण मान्य करावंच लागेल : त्यात असा एकही भाग नव्हता जो तालुक्याच्या गावी बदलता येत नव्हता. ज्यानं जोडला तोच खोलायचा. आज ज्याला दुरुस्तीचा हक्क म्हणतात तो तेव्हा कुणी मागितला नव्हता, कारण तो कुणी काढूनच घेतलेला नव्हता.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे बाहेरून आलेला सेट. रत्नागिरी-रायगडकडची माणसं आखातात गेली आणि येताना टू-इन-वन आणू लागली. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी टर्नटेबल पाठवले. सेट देखणे, आवाज स्वच्छ, पण पहिल्याच संध्याकाळी धूर. पाठीमागचा व्होल्टेजचा स्विच ११० वर होता, आणि आपली वीज २३०! अशा किती ट्रान्सफॉर्मरची राख झाली याची गणती नाही. वाइंडिंगवाले नवा गुंडाळून द्यायचे, किंवा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर विकायचे.

अमेरिकन टर्नटेबलची अडचण तर आणखी सूक्ष्म. व्होल्टेज उतरवलं तरी विजेची कंपनं उतरत नाहीत. तिकडे सेकंदाला ६०, इकडे ५०. ज्या टर्नटेबलची मोटार या कंपनांच्या तालावर फिरते ती इथं पाच-षष्ठांश वेगानं फिरणार. म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या जागी पावणेअठ्ठावीस. सहाला पाच हे प्रमाण गाणाऱ्यांच्या ओळखीचं आहे : षड्ज आणि कोमल गंधार यांच्यामधलं अंतर. काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचमध्ये गाऊ लागते, तीही झोपेत असल्यासारखी. यावर उपाय खराद्याकडे होता. मोटारीच्या दांड्यावरची पितळी पुली सहा-पंचमांश जाड करून घ्यायची, की लय जागेवर. मिलिमीटरच्या दशांशात काम करणारे लेथवाले आपल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत होते. हा धागा इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात कुणी नोंदवत नाही.

१९९१नंतरचं आपल्याला बहुतेक ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. बाजार उघडला, प्लॅस्टिकच्या चकचकीत म्युझिक सिस्टीम आल्या, जुनं द्या नवं घ्या अशा योजना निघाल्या. खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं असे. हा पीएमपीओ कुठल्याही ठरलेल्या मोजमापात बसत नव्हता. खरे वॅट त्याच्या फार तर काही टक्के. त्या वेळी जुने मेकॅनिक एकच परीक्षा सांगायचे : सेट उचलून बघा. ट्रान्सफॉर्मर हलका असेल तर हजार वॅट आणणार कुठून? पहिल्यांदाच असं झालं, की दुरुस्तीला जो खर्च सांगितला जाई तो नव्या सेटच्या निम्म्यावर जाऊ लागला, आणि सेटच्या आतली चिप बाजारात सुटी मिळेना. दुरुस्तीची दुकानं मोबाइलची दुकानं झाली.

आता आजचा माणूस, आजचा खिसा. घरात वडिलांच्या काळचा अँप्लिफायर आहे, दोन बॉक्स आहेत, कदाचित टर्नटेबल आहे. इतिहासातून जे कळलं ते इथं कामाला येतं. या ढिगातलं किमती काय? लाकूड, लोखंड आणि चांगल्या स्पीकरचा चुंबक. हे आज नव्यानं घ्यायला गेलात तर महाग पडतं. स्वस्त काय? इलेक्ट्रॉनिक्स. म्हणून लोक करतात त्याच्या उलट करा. लोक अँप्लिफायर बिघडला म्हणून बॉक्स भंगारात देतात.

आधी स्पीकर बघा. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना स्पीकरच्या वायरी क्षणभर लावा. कट्ट आवाज आला की कॉइल शाबूत आहे. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद दाबा, आत घासल्याचा आवाज येता कामा नये. कडेचा फोम हाताला चुरा होऊन लागला तर घाबरू नका. फोम दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत कुजतोच, रबर आणि कापड टिकतं. नुसती कड बदलून मिळते, अजूनही काही गल्ल्यांत कोन बसवणारे कारागीर आहेत.

अँप्लिफायर दहा-वीस वर्षं बंद असेल तर थेट प्लग लावू नका. त्याच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि सेट वाचेल. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर अर्धी लढाई जिंकली. घूंऽऽ असा आवाज येत राहिला तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकले आहेत. ते मुळात ओल्या रसायनाचेच बनतात आणि उष्णतेनं आटतात. नवे घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर तो बिघाड नव्हेच, कळकट आहे, क्लीनरचा एक फवारा पुरतो. टेप डेकमध्ये रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असतो, तो पुसून नवा घालायचा. या सगळ्याला काही शे रुपये आणि एक दुपार.

एवढं करूनही अँप्लिफायर उठला नाही, आउटपुटची चिप गेली आणि ती मिळत नाही, तर मग खुशाल आतलं सगळं काढा. टेक्सासच्या टीपीए ३११६सारख्या क्लास डी चिपचे बोर्ड हाताच्या तळव्याएवढे असतात, जुन्या बॉक्सना पुरून उरतात, लॅपटॉपच्या अडॅप्टरवर चालतात. जुन्या पेटीत बसवले की बाहेरून काही कळत नाही. मात्र टर्नटेबलला चुंबकी कार्ट्रिज असेल तर मध्ये फोनो प्री-अँप्लिफायर लागतोच. नाहीतर आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो आणि लोक उगाच नव्या बोर्डाला शिव्या देतात. काहींना अशी अदलाबदल म्हणजे जुन्या वस्तूचा अपमान वाटतो. चांगल्या कंपनीचा, सर्किट शाबूत असलेला व्हॉल्व्हचा सेट असेल तर त्यांचं बरोबर आहे, तो जाणकाराकडेच द्यावा. पण आयुष्यभर टीबीए ८१०वर चाललेल्या असेंबल्ड पेटीला कसला आला मूळ स्वरूपाचा मान? तिचा जन्मच अदलाबदलीतून झाला.

सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल सुरू केलं, ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३पासून लागू आहेत. चांगलंच आहे. पण तिथं कंपनीनं भाग आणि माहिती द्यावी एवढंच मागता येतं. खोलणारे हात कुठून आणणार? आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स होता, तरी या लोकांचं बरंचसं ज्ञान उस्तादाच्या शेजारी बसून आलेलं. कुठल्या सेटचा कुठला कंडेन्सर आधी जातो, हे कुठंही छापलेलं नाही. ते आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती दुकानं एकेक करून शटर ओढत आहेत. तुमच्या गावात असा कुणी असेल तर सेट घेऊन जा, आणि सोबत एक वहीही न्या.

याची घाई एका वेगळ्याच कारणासाठी आहे. गाणी आता फोनवर मिळतात, त्यांच्यासाठी डेक दुरुस्त करायची गरज नाही. पण तुमच्या कपाटात ज्या कॅसेटींवर पेननं नावं लिहिलेली आहेत, आजीच्या ओव्या, मुंजीतला गोंधळ, परदेशी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी बोलून पाठवलेला आवाज, त्या कुठल्याच सर्व्हरवर नाहीत. त्या ज्या डेकवर भरल्या त्याच डेकवर बहुधा सगळ्यात स्वच्छ वाजतील, कारण त्याचं हेड ज्या तिरक्या कोनात होतं त्याच कोनात तो आवाज फितीवर उतरला आहे. दुसऱ्या डेकवर त्या दबलेल्या, कापूस भरल्यासारख्या वाटल्या तर टाकू नका. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक डेकमध्ये कॅसेट चालू असताना त्याच्यापर्यंत पोचायला पुढे भोकही ठेवलेलं असतं. बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो पाव पाव फेरा फिरवत जा आणि ‘स’, ‘श’ स्पष्ट ऐकू येईपर्यंत थांबू नका.